खुर्चीवरच्या आठ फेऱ्या

२३ फेब्रुवारी २०२६, सोमवार

आईच्या उजव्या हाताची पकड १६.४ किलो. एकोणसाठाव्या वर्षी अठराच्या खाली नको. वर्षभरात वजन सहा किलो उतरलंय. चर्चमधल्या बायका म्हणतात, मरियाताई, छान बारीक झालात. बारीक कसली — स्नायू गेलाय.

आजपासून तीही माझ्याबरोबर गच्चीवर, पावणेसहाला. वीस सेकंद खुर्चीवरून जोरात उठबस, चाळीस सेकंद विश्रांती, आठ फेऱ्या. त्याआधी शुगरची गोळी, दोन उकडलेली अंडी. अंडी मी रात्रीच उकडून ठेवणार. वहीत रकाने आखले: नाश्ता, फेऱ्या, उठबशा. रविवारी सुट्टी.

२६ फेब्रुवारी

आई म्हणाली, "तुझ्या फिजिओच्या पेशंटनाही असंच दमात घेतेस?"

"पेशंट ऐकतात."

हसली. मी टायमर लावला.

६ मार्च

पकड १६.१. पहिल्या फेरीत अकरा उठबशा व्हायच्या, आज आठ. कारण सापडत नाही. तिला म्हणाले, "तू मनापासून करत नाहीस." ती म्हणाली, "बरं, उद्या करते." पदराने मान पुसत होती. घाम जास्त होता. तो मी पाहिला, लिहिला नाही. त्याला रकाना नव्हता.

११ मार्च

पाचव्या फेरीत आई खुर्चीवर बसली ती उठेना. अंग गार, ओलं. जीभ जड. मी म्हणाले, "अजून तीन." — हे मी म्हणाले. मग मशीन आणलं. शुगर ४८.

साखरेचं पाणी पाजलं. शेजारच्या छबूबाई धावत आल्या, भिंगारमधून नगरला दवाखान्यात जाईपर्यंत रिक्षात आईचा हात धरून होत्या. मला म्हणाल्या, "उपाशी माणसाला कशापायी नाचवायचं गं?"

"उपाशी नाही ती. अंडी खाल्लीत."

"ती मी खाते की. तुझ्या आईचा दुपारपातूर उपास हाय, तुमचा तो लेंट. गोळी तेवढी घेत्यात. रोज वाटी देत्यात मला. लई दिवसांत एवढी अंडी न्हाई खाल्ली मी."

त्या थट्टा करत नव्हत्या.

मी नोकरी करते तोच दवाखाना. मी पलंगाच्या पायाशी उभी, ड्युटीची वेळ झाली म्हणून अंगात तिथलाच अ‍ॅप्रन. डॉक्टरांनी विचारलं, "असला व्यायाम कोणी सांगितला?"

आई म्हणाली, "मोबाईलवर बघून केला."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "घरात फिजिओ असून?"

मी गप्प राहिले.

१२ मार्च

नाश्त्याच्या रकान्यात पंधरा खुणा. सगळ्या माझ्या हातच्या. एकदाही विचारून केलेली नाही. अंडी ठेवली म्हणजे खाल्ली, असं धरलं. पेशंटनी अशी वही आणली तर मी ती बाजूला सारते.

लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, लागलाय हेही मला माहीत नव्हतं. बाबा गेल्यापासून मी चर्चला जात नाही. गेल्या वर्षी तिला बजावलं होतं — उपासाचं माझ्यासमोर बोलू नकोस. म्हणूनच बोलली नसावी.

१३ मार्च

आई घरी आली. केसपेपरवर लिहिलंय: 'स्वतःच्या मनाने व्यायाम.' तीनदा वाचलं.

१४ मार्च

डॉक्टरांना सांगितलं. व्यायाम मी दिला, खाल्लं का ते पाहिलं नाही, त्या दिवशी तुमच्यासमोर गप्प राहिले. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"केसपेपर दुरुस्त करू?"

"करा."

दिशा सिस्टर तिथेच गोळ्या मोजत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. डबा एकटीने खाल्ला.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "कशाला गं सांगितलंस. माझं नाव होतं तेच बरं होतं."

१६ मार्च

आज विचारलं, उपासाचं मला का नाही सांगितलंस. मी बजावलं होतं म्हणून?

"छे. सांगितलं असतं तर तू सकाळचं बंद केलं असतंस. दिवसभरात तेवढा पाव तासच तू माझ्याशी बोलायचीस."

त्या पाव तासात मी काय बोलायचे, ते आठवून पाहिलं.

ऊठ. बस. थांब. पुन्हा.