पातिर मोडेपर्यंत फुटबॉलवर एक शब्द नाही

४ सप्टेंबर, सकाळ

राष्ट्रीय टीम जाहीर झाली. तोलिबजोन पुन्हा नाही. आपल्या कोकंदचा मुलगा, डाव्या पायाचा असा विंगर या अख्ख्या खोऱ्यात दुसरा नाही, आणि कोचसाहेबांना तो दिसत नाही. त्याच्या जागी घेतलाय तो सरळ रेषेत धावतो आणि रेषा संपली की थांबतो. ओळखीपाळखीशिवाय असं होत नाही.

यादी तंदूरपुढे उभा राहून फोनवर वाचली. मालक, म्हणजे आमचे उस्ता रहमोन, म्हणाले, एर्किन, नान बाहेर काढणार आहेस की त्यांनाही बाकावर बसवलंस? एक खेप पूर्ण करपली. जबाबदारी कोचसाहेबांची.

५ सप्टेंबर

१-१. पेनल्टी दिली नाही. हात स्पष्ट लागला होता. मला चायखान्याच्या टीव्हीवर दिसला, रेफरी समोर उभा असून त्याला दिसला नाही.

सामन्यानंतर सगळ्यांना हाताचा नियम समजावून सांगितला. मी नववीत शाळा सोडली हे खरं, पण खेळाचे नियम मी शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा नीट वाचले आहेत. लोक एकेक करून उठले. पटलं असावं. न पटलेला माणूस वाद घालत बसतो. शेवटी चायखानेवालाही बाकडी उचलू लागला.

९ सप्टेंबर

सानोबर मावशी आली. म्हणाली, तुझ्यासाठी मुलगी पाहिलीय. मुअत्तर नाव, नर्सिंग झालंय, पुलापलीकडच्या मोहल्ल्यातली.

मी विचारलं, सकाळी चार नान नेते ती? नान पालथा न करता खालून बोटाने टिचकी मारून बघते, नीट भाजलाय का ते?

मावशी म्हणाली, टिचकी लक्षात आहे म्हणजे बाकीचंही असेल. आता वडील कोण ते ऐक. तुर्सुन अका. शाळेत पी.टी. शिकवतात आणि रविवारी जिल्ह्याच्या सामन्यांत रेफरी असतात.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, झालं.

मग दोघींनी मिळून मला शपथ घ्यायला लावली. पातिर मोडेपर्यंत फुटबॉलवर एक शब्द नाही. आई म्हणाली, त्यांच्या घरी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पातिर, तो थरांचा नान, मोडला, लग्न पक्कं झालं, की मग सासऱ्याला काय नियम शिकवायचे ते शिकव. त्याआधी तोंड शिवून ठेव.

संकल्प: निवड, रेफरी, ऑफसाइड, हँडबॉल, व्हिडिओ. तोंडातून काहीही नाही. रोजनिशीत चालेल. रोजनिशी म्हणजे बोलणं नव्हे.

१५ सप्टेंबर

येत्या रविवारी बाजारवाले विरुद्ध शिक्षक, मोहल्ल्याचा सामना. उस्ता म्हणाले, वर्षभर कोचला नावं ठेवतोस ना, यंदा बाजाराची टीम तूच निवड. शपथ बोलण्याची आहे, निवडण्याची नाही. हो म्हणालो.

तत्त्व एकच: गुणवत्ता. ओळख नाही, नातं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

यादी झाली. गोलात सानोबर मावशीचा मुलगा. या दिवसांत मावशीचं मन दुखवणं बरं नाही, शिवाय तो उंच आहे. पुढे उस्तांचे दोन्ही मुलगे, नाहीतर मला रविवारी सुट्टी कोण देणार. मध्ये मोहल्ल्याच्या प्रमुखांचा जावई, कारण चेंडू त्याचा. खरबूजवाला हमदाम खरंच चांगला खेळतो, पण त्याचा स्वभाव टीमला पोषक नाही. बाकावर.

ही गोष्ट वेगळी आणि कोचसाहेबांची वेगळी. बाहेरच्या माणसाला फरक कळणार नाही.

२० सप्टेंबर

०-६.

रेफरी तुर्सुन अका. तिसरा गोल ऑफसाइड होता. मैदानाच्या कडेला बांधलेल्या शेळीलाही दिसला. मी तोंड उघडलं, शपथ आठवली, डोक्यावरची टोपी काढली आणि दातांत धरली. शेवटच्या शिट्टीपर्यंत तशीच.

पराभवाचं कारण मैदान. उतार आहे. दुसऱ्या अर्ध्यात उतार आमच्या बाजूने होता, पण तोवर मुलांचा उतारावरचा विश्वास उडाला होता.

हमदाम सगळ्यांदेखत म्हणाला, निवड समितीची सोयरीक छान जमलीय, नाही? प्रेक्षकांना निवडीतलं काही कळत नाही.

२२ सप्टेंबर

मोठी बातमी. तुर्सुन अकांनी मला मैदानावर पाहिलं. लांबून त्यांना वाटलं मी टोपीत तोंड खुपसून रडतोय. मावशीला म्हणाले, सहा गोल खाऊन रेफरीला शिव्या न देता गुपचूप रडणारा मुलगा मी या जिल्ह्यात पहिल्यांदा पाहिला. अशा मुलाला मुलगी द्यायला हरकत नाही. चहाला घेऊन या, ६ ऑक्टोबरला संध्याकाळी. घरच्यांनी बघितला की पातिरचा दिवस ठरवू.

६ ऑक्टोबरला संध्याकाळी राष्ट्रीय टीमचा सामना आहे. मावशीला सांगितलं नाही. तो फुटबॉलवरचा शब्द झाला असता.

५ ऑक्टोबर

मावशीच्या सूचना. स्वच्छ मोजे. मोठ्यांच्या आधी हात पुढे करायचा नाही. चहा अर्धा प्याला मिळाला तर मान, अजून बस. काठोकाठ भरून मिळाला तर निरोप, ऊठ. हे ती मला सांगते. मी काय परदेशातून आलोय? टीव्ही चालू असेल तर मान खाली, प्याल्याकडे बघ.

उद्या नान मी स्वतः भाजून नेणार. वर कलौंजी, मधली नक्षी नवी. मुअत्तर बघेल.

मी शांत आहे. सव्वीस दिवस झाले, एक शब्द नाही. सवय मोडली असं म्हणायला हरकत नाही.

७ ऑक्टोबर

काल एकूण चांगलं झालं. क्रमाने लिहितो.

टीव्ही चालू होता. मी प्याल्याकडे बघत बसलो. चहा अर्धा, पुन्हा अर्धा. मुअत्तरच्या आजीने माझा नान कपाळाला लावला, म्हणाली, हाताला चव आहे पोराच्या. मुअत्तर पुलाव घेऊन आली, गेली, दारामागे उभी राहिली. अकांनी तंदूरबद्दल विचारलं, मी तंदूरबद्दल सांगितलं.

मग आपला गोल झाला. आणि झेंडा वर. ऑफसाइड.

अका म्हणाले, बरोबर दिलाय.

मी प्याल्याकडे बघितलं. मावशीने माझा गुडघा दाबला. अका पुन्हा म्हणाले, अगदी बरोबर, पाऊलभर पुढे होता. मी म्हणालो, अका, एक बारीकशी गोष्ट, मत नाही, फक्त माहिती. ही शपथेत बसते. माहिती म्हणजे मत नव्हे.

दाखवल्याशिवाय ऑफसाइड कळत नाही. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरचे नान घेतले. आपले खेळाडू आणि त्यांचे खेळाडू ओळखू यायला हवेत, म्हणून त्यांचे नान पालथे ठेवले. अक्रोड म्हणजे चेंडू. आजीने हळूच त्यांचा एक बचावपटू सुलटा केला. तिला खेळात रस आहे असं वाटून मी समजावलं की आजी, हा त्यांचा, आणि पुन्हा पालथा ठेवला. तिने पुन्हा सुलटा केला. मी पुन्हा पालथा केला, कारण शेवटचा माणूस तोच, सगळा निर्णय त्याच्या टाचेवर. तिने तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि मांडीवर घेऊन बसली. बचावपटूशिवाय मला बरंच तोंडी सांगावं लागलं.

सगळे अत्यंत लक्ष देऊन ऐकत होते. अकांनी माझा प्याला काठोकाठ भरला. त्यांचं लक्ष अक्रोडाकडे असावं. मी प्यायलो आणि आणखी मागितला.

परतताना मावशी रस्त्याच्या पलीकडून चालत होती.

९ ऑक्टोबर

मावशी आज आली, पण माझ्याशी नाही, भिंतीशी बोलली. म्हणे, नानवाई आहे हा. सात वर्षं नान भाजतोय. लेकरंसुद्धा रस्त्यात पालथा पडलेला नान उचलून सुलटा करून ठेवतात. आणि याने दुसऱ्याच्या घरी, त्यांच्या आईदेखत, नान पालथा घातला. एकदा नव्हे, तीनदा.

मी म्हणालो, ऑफसाइड दाखवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

मावशी भिंतीला म्हणाली, चमचे होते.

चमचे होते हे खरं. पण चमचे सगळे सारखेच दिसतात. हे मी बोललो नाही. आई रडत होती.

मी रोज हजार नान हाताळतो. एकही कधी पालथा ठेवलेला नाही. त्या दिवशीही मी नान ठेवलेच नव्हते, बचावपटू ठेवले होते. हे आजीला नीट समजावून सांगितलं तर प्रश्न मिटेल. पुन्हा जाण्याचा दिवस ठरवायला हवा.

१२ ऑक्टोबर

मुअत्तर बेकरीच्या खिडकीशी आली. पहिल्यांदाच चार नानांपलीकडे काही बोलली. रांगेत उभ्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

म्हणाली, एर्किन अका, तो गोल ऑफसाइड नव्हता. बाबांनी दुसऱ्या दिवशी फोनवर थांबवून थांबवून पाहिलं. बचावपटूची टाच होती मागे. तुमचंच बरोबर.

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. म्हणालो, मग?

ती म्हणाली, मग काही नाही. आजीला मी समजावतो, असं बाबा आधी म्हणत होते. ते बघितल्यावर म्हणाले, नको. हा मुलगा बरोबर होता आणि जन्मभर असाच बरोबर राहील. घरात एक रेफरी पुरे.

मग ती म्हणाली, मी मात्र आईला वेगळं सांगितलंय. आणि थांबली.

मी विचारलं, अकांनी गोलामागच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की बाजूच्या?

तिने पैसे खिडकीत ठेवले. म्हणाली, बाजूच्या. चार नान घेतले आणि गेली. आज टिचकी मारली नाही. माझ्या भाजणीवर विश्वास बसला असावा.

एकंदरीत आशादायक. खुद्द रेफरीने मान्य केलं. जगात असं कुठे होतं?

१४ ऑक्टोबर

पुढच्या गोष्टी इतक्या लवकर घडतील असं वाटलं नव्हतं. उस्तांनी सांगितलं, तुर्सुनकडून निरोप आलाय. परवासाठी दोन पातिर, साय घालून, थरांचे, दस्तरखानावर मोडण्यासारखे. आणि त्याच पोराच्या हातचे हवेत, म्हणाला.

त्याच पोराच्या हातचे. शब्द स्वच्छ आहेत. दिलेला निर्णय मागे घेता येतो, फक्त वेळेत व्हिडिओ बघावा लागतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, मावशीला कुणी काही कळवलं नाही, मग कसं? मी म्हणालो, थेट बेकरीला कळवलं, हेच तर विशेष. आईने टोपी इस्त्रीला घेतली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. तिला आनंद सावकाश होतो.

१६ ऑक्टोबर, दुपार

पातिर असे झाले की उस्तांनी हाक मारून सगळ्यांना दाखवले. थर सुटलेले, कडा सोनेरी, मधल्या नक्षीत एकही रेघ वाकडी नाही. नवे मोजे घातले. फडक्यात बांधून निघतो. निवडीबद्दल, रेफरीबद्दल, टाचेबद्दल काही नाही. आता तर बोलायचं कारणच उरलेलं नाही.

त्याच दिवशी

त्यांच्या दारात मार्गिलान गावाहून आलेली गाडी. उंबऱ्याशी बरेच बूट, सगळे मोठ्या माणसांचे. वाटलं आपली मंडळी मला न सांगता पुढे आली असतील. आईचे बूट शोधले.

आजी बाहेर आली. फडकं सोडलं, पातिर दोन्ही हातांनी घेतले, वरची बाजू वर आहे ना ते बघितलं आणि म्हणाली, सुखी राहा, पोरा. आज पैसे आत मागू नकोस, पाहुणे आहेत. उस्ता घेतील उद्या.

मी म्हणालो, मी थांबतो. ती म्हणाली, कशासाठी?

फडक्याची घडी केली आणि निघालो.

१८ ऑक्टोबर

मावशीने आईला सांगितलं, आईने मला. मुलगा मार्गिलानचा, रेशमाच्या कारखान्यात. मुअत्तरने काही दिवस ऐकलं नाही. १२ तारखेला बेकरीतून परत आली आणि म्हणाली, बोलवा त्यांना. मुलाला फुटबॉलमधलं काहीच कळत नाही. सामना लावला की त्याला झोप लागते. अकांनी सगळ्यांसमोर ही त्याची मोठी जमेची बाजू म्हणून सांगितली.

निवडीचा हा निकष मला मान्य नाही. कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी पलीकडची शेजारीण आली. पातिर मोडला त्या दिवशी ती मुअत्तरकडे होती. रुमालात पातिरचा तुकडा बांधून आणला होता. म्हणाली, घे रे एर्किन, बिनलग्नाच्याने दुसऱ्याच्या मोडलेल्या पातिरचा तुकडा खाल्ला की त्याचंही लवकर जमतं. सगळे म्हणत होते, इतका सरळ मोडलेला पातिर कधी बघितला नाही.

खाल्ला. दोन दिवसांचा होता, तरी थर सुटत होते.