पहाटेची चटई

कोल्हापूर
३ नोव्हेंबर २००३

प्रिय अंबू मावशी हिला,
ख्रिस्तात सप्रेम सलाम वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मुरगूडला आले तेव्हा बोलले होते, ते ध्यानात आहे ना? कागलच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवस कसा जातो ते कळत नाही. म्हणूनच सकाळचा पहिला तास देवाचा, असं मी ठरवलं आहे. तू म्हशीची धार काढता काढता, उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करतेस, ते मनाला टोचलं. देवाला उरलासुरला वेळ का द्यायचा? पाचला चटई टाक, गुडघे टेक. आधी स्तुती, मग पापकबुली, मग उपकारस्मरण, शेवटी मागणी. काकांकडे मोठ्या अक्षरात लिहून दिलंच आहे.

इथे पहाटे धुकं इतकं दाट उतरतं की समोरचं घर नाहीसं होतं. वाटतं, जगात फक्त मी आणि तो.

काकांना सलाम. तुमच्या प्रार्थनेत मला जागा असू द्या.
तुमची,
सुवार्ता

मुरगूड
१२ नोव्हेंबर २००३

चि. सुवार्ता हिला,
अंबू मावशीचा आशीर्वाद. हात काकाचा, बोलणं माझं.

तू गेल्यापास्नं रोज पाचला चटईवर बसतीया. स्तुती हुती, कबुली हुती, फुडचं याद येत न्हाय. काका कागद वाचत्यात, मी म्हागनं म्हणतीया. देव मला वळखंना का मी त्याला, कळंना झालंय. आदी धारंला बसलं की तुझं नाव घ्यायची, तुझ्या आईचं, शेजारच्या सोनूबाईच्या मोडल्या पायाचं. चरवी भरस्तवर गावभर फिरून व्हायचं. आता मुक्यानं धार काढती. म्हस पान्हा सोडंना, मान वळवून बघती. (मी आकाराम काका लिवतो: म्हस पक्की चर्चच्या मंडळीतली हाय की. पावणी तूच निघालीस!)

तू घरातली पैली पदवीवाली. चुकत आसंल ते माझंच. पर पंधरा दीस झालं, तुझं नाव घ्यायचं ऱ्हाऊन जातंय. कागदात ते कुठं बसतंय, तेवढं कळीव.

जिवाला जप. माया ऱ्हाऊ दे.
तुझी मावशी

कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २००३

प्रिय मावशी,
सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. चूक तुझी नाही. खरं सांगते, दिवाळीपासून मी चटईवर चारच वेळा बसले. तेव्हाही वहीत ‘झाली’ अशी खूण करायची घाई होती, नमुना तपासून करते तशी. तुला शिकवताना हे लपवलं. मला क्षमा कर. तो कागद चुलीत घाल आणि गोठ्यात जा.

आज कारखान्याच्या बसमध्ये शेजारी पॅकिंगमधली राजमती होती. उद्या तिच्या आईचं ऑपरेशन आहे, असं ती सांगत होती. ऐकता ऐकता, डोळे उघडे ठेवूनच, मी तिच्या आईचं नाव देवाला सांगितलं. मग तुझं, काकांचं. मग ड्रायव्हरचं घ्यावंसं वाटलं. ठाऊक नव्हतं, म्हणून राजमतीला विचारलं. यल्लाप्पा. बाहेर धुक्यात ऊस तरंगत होता, बस त्यातून हळूहळू चालली होती आणि नावं संपत नव्हती. तोवर कागल आलं.

उतरल्यावर लक्षात आलं, शेवटचं आमेन म्हणायचं राहूनच गेलं. मग म्हटलंच नाही. तसंच दिवसभर काम केलं.

काकांची थट्टा मान्य. लोभ आहे तो वाढू दे.
तुझीच,
सुवार्ता