जमादारचा बंगला

४ डिसेंबर

सकाळी जमादारच्या पाण्यावर बर्फाची साय. त्याने ती चाटून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. कुत्रा म्हातारा झालाय, मागचे पाय आखडतात. घरात घेतलं की दारावर पंजे घासत रडतो — सगळा जन्म अंगणात गेला, छप्पर म्हणजे तुरुंग वाटतो त्याला. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "बाहेर राहू दे, पण नीट आडोसा करा. असाच उघड्यावर राहिला तर हा हिवाळा काढणार नाही."

नवऱ्याला सांगितलं. "त्याला देवाने कोट दिलाय की!" — हे रजईतून. रजई नाकापर्यंत.

५ डिसेंबर

सासूबाईंच्या कानावर गेलं. "कुत्र्याला घर! बरंय बाई." मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून — "जरा मोठंच करा. मीही येते राहायला."

जिथे तिथे स्वतःला मध्ये आणायची खोड! (असं लिहावं का? असू दे. वाचतंय कोण?)

८ डिसेंबर

रजईतून बाहेर येऊन आमच्या साहेबांनी मनावर घेतलं. जुन्या कपाटाच्या फळ्या, दोन दिवस ठोकाठोक, एक अंगठा निळा. तयार काय झालं? बंगला! जमादारसारखे चार मावतील. मी म्हटलं, "अहो, तो स्वतःच्या अंगाच्या उबेवर झोपतो. घर जेमतेम त्याच्या मापाचं हवं." तर म्हणे, "ऐसपैस असू दे गं, पाय पसरेल बिचारा." पाय पसरायला तो काय जावई आहे?

मी आत जुनी घोंगडी घातली. दार स्वयंपाकघराच्या खिडकीकडे ठेवलं, म्हणजे भांडी घासता घासता तो दिसेल.

९ डिसेंबर

जमादार बंगल्यात नाही. बंगल्याच्या मागे, नुसत्या जमिनीवर. कृतघ्न!

१० डिसेंबर

शेवटी मीच गुडघे टेकून आत डोकं घातलं. कुंपणापलीकडून शेजारीण — "काय हो, घरात भांडण झालं वाटतं?" मीही हसले. आत गेल्यावर हसू थांबलं. वारा दारातून सरळ आत! घोंगडी ओली गच्च, कडा थंडीने कडक. कृतघ्न म्हणाले मी त्याला. तो शहाणा, बंगल्याच्या मागे आडोशाला बसला होता.

आणि दार तिकडे का? मला दिसावा म्हणून. मला बरं वाटावं म्हणून! कुत्रा गारठला तरी चालेल, पण माझ्या डोळ्यांसमोर गारठावा. शिकलीसवरलेली बाई मी.

११ डिसेंबर

मध्ये फळी ठोकून बंगल्याची खोली केली. खाली विटा. घोंगडी काढून सुकं गवत भरलं — ओल धरत नाही, आणि त्यात रुतून बसता येतं. दाराला जाड चटईचा पडदा. बंगल्याचं तोंड फिरवून भिंतीकडे.

"आता तो आत आहे की नाही, कळणार कसं?"

"जाऊन हात घालायचा."

"एवढ्या थंडीत? बाहेर?"

आपण काय बोललो ते साहेबांना अजून कळलेलं नाही.

पडदा शिवत होते तेव्हा सासूबाई येऊन उभ्या. खोकत खोकत म्हणतात, "उरलाच एखादा तुकडा तर माझ्याही खिडकीला लाव." टोमण्याशिवाय दिवस गोड जात नाही त्यांचा. मीही म्हटलं, "तुम्हाला गवतपण देते!"

जरा जास्तच बोलले का? पण सुरुवात त्यांची होती.

१३ डिसेंबर

हात घातला. गवत गरम! आणि तळव्याला ओलं नाक. बाहेर उभ्या उभ्या डोळे भरून आले — वेडीच मी. त्याचं खाणंही वाढवलंय, थंडीत अंग तापवायलाच निम्मं जातं म्हणे. फिरून आला की बोटांमधला बर्फ पुसते. पाणी दिवसातून दोनदा कोमट.

साहेब आल्यागेल्याला बंगला दाखवतात. "वाऱ्याचा अभ्यास करून बांधलाय." केला कुणी अभ्यास?

सासूबाई जेवायला शाल, कानटोपी, हातमोजे अशा थाटात. हातमोजे घालून चमचा! "नाटक कंपनी," मी हळूच म्हटलं. साहेब हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१४ डिसेंबर

जमादार आज फाटकापर्यंत धावला. धावला!

१६ डिसेंबर

सासूबाईंना ताप. डॉक्टर घरी आले. कोट काढून माझ्या हातात दिला, त्यांच्या खोलीत गेले, आणि दोन पावलांवरून परत फिरून हात पुढे केला.

"कोट द्या इकडे. — या इथे झोपतात?"

मी कोट दिला. पांघरुणातून सासूबाईंचा आवाज —

"जमादार बरा आहे ना गं आता?"