पाठ केलेला तक्ता

पंचवटी, नाशिक
१२ जानेवारी २०२५

ती. हिरामणदादास,

धाकट्या मंजूचा नमस्कार. वि. वि. फोन केला की तू नुसतं बरंय म्हणतोस आणि फोन सरूवहिनीच्या हातात देतोस. म्हणून आज कागद घेऊन बसले. हा काही तुला दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही.

परवा मी डोळे तपासून आले. चष्म्याच्या नंबराचं नाही म्हणत मी, आपल्या साखरवाल्यांची वेगळी तपासणी असते, ती. आमच्या डॉक्टरीणबाई वर्षभर मागे लागल्या होत्या. मी आपली शाळेच्या ऑफिसातली कामं पुढे करत होते. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं, साखर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गुपचूप काम करते, आणि कमी दिसायला लागेपर्यंत पत्ता लागू देत नाही. मग गेले बाई मुकाट्याने!

तुला तर माझ्याही आधीपासून साखर, आणि दिवसभर पैठणीच्या मागावर डोळे ताणून बसतोस. तरी एकदाही गेला नाहीस. तेव्हा तिथे काय काय होतं ते सगळं सांगते, म्हणजे बहाणा काढायला तुला जागा उरणार नाही. आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, एकेक डोळा झाकून. मग डोळ्यांत थेंब घालतात. ते चुरचुरतात, अगदी कांदा चिरल्यासारखे, पण थोडाच वेळ. त्यानंतर बाहेर बाकावर बसायचं. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो. मग एका मशीनवर हनुवटी टेकवायची, समोर लखकन उजेड पडतो आणि पडद्याचा फोटो निघतो. सुई नाही, कापाकापी नाही, काही म्हणजे काही दुखत नाही.

हां, सोबत माणूस मात्र लागतं. थेंबांमुळे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. मी शहाणी एकटीच गेले होते. बाहेर येऊन घरी फोन लावायला गेले, तर नावंच वाचता येईनात आणि फोन लागला थेट आमच्या हेडबाईंना. त्यांना मी लाडात सांगितलं, अहो, घ्यायला या ना मला. आता शाळेत तोंड लपवून फिरतेय.

माझा पडदा चांगला निघाला, वर्षाने पुन्हा बोलावलंय. आता तुझी पाळी. येताना चालू गोळ्या, साखरेचा रिपोर्ट, चष्मा आणि असला तर गॉगल आण. सोबत मी येईन. वहिनीला नमस्कार सांग. या पत्राचा राग आला तर येऊ दे, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझी
मंजू

येवला
२१ जानेवारी २०२५

चि. मंजूस,

दादाचा आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. हेडबाईंचं वाचून मी एवढा हसलो की तुझी वहिनी चूल सोडून बघायला आली. मी तिला तेवढंच वाचून दाखवलं. बाकीचं पत्र खिशात ठेवलं.

तुला खरं सांगतो, पण तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. दिवाळीपासून उजव्या डोळ्याने मधोमध धुरकट दिसतंय. बाजूचं दिसतं, पण जिथं बघावं नेमकं तिथंच धुकं. आधी वाटलं थंडीचं असेल, मग वाटलं चष्मा पुसायला पाहिजे. चष्मा पुसून पुसून झिजायची वेळ आली. डावा डोळा चांगला हाय, त्याच्यावर काम निभतंय.

आता तू म्हणशील, मग ये ना लगेच. अगं, भीती थेंबांची नाय. सध्या मागावर लग्नाचा शालू लागलाय, पदरावर मोर आहेत. शेठनी एवढ्या विणकरांतून हे काम माझ्याकडे दिलं ते हात बघून. आपली गल्ली तुला माहीत आहे. हिरामणची नजर गेली, एवढं एक वाक्य या टोकाकडून त्या टोकाला गेलं की नक्षीचं काम मला कोण देईल? साधे काठ विणत बसावं लागेल. चौदाव्या वर्षापासून मी दुसरं काही केलेलं नाय मंजू. मागावरून उठवलं तर मी करायचं काय, तूच सांग. तुमच्या त्या तक्त्यात नापास झालो तर डॉक्टर तसंच सांगतील याची मला लय धास्ती वाटते.

पण तू ऐकणार नाहीस, हेही माहीत आहे. हा मोर उतरला की येतो. घरी सांगेन, दोरा बघायला नाशिकला चाललोय. तब्येतीला जप, आणि भावाला घाबरट म्हणायचं असेल तर मनात म्हण.

तुझा
दादा

पंचवटी, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

मंजूचा नमस्कार. आज आधी भांडणार आहे, खुशाली नंतर.

गुरुवारी तू दवाखान्यातून निघालास आणि ठक्कर स्टँडपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. एसटीत बसलास, खिडकीतून हातही केला नाहीस. तुला वाटलं असेल, मंजूला काही कळलं नाही. तू तक्ता वाचलास तेव्हा मी तुझ्या मागच्या खुर्चीवरच होते रे! तेव्हा मला काय दिसलं ते ऐक.

आपण बाकावर बसलो होतो, तपासणीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एकेक पेशंट मोठ्याने तक्ता वाचत होता. तू डोळे मिटलेस आणि ओठ हलवायला लागलास. मला वाटलं, देवाचं नाव घेतोयस. मनात म्हटलं, बिचारा किती घाबरलाय. आणि तू काय करत होतास? पाठांतर! बाकीचे बाकावर बसून कंटाळत होते, तू ऐकून ऐकून अख्खा तक्ता डोक्यात बसवलास. एवढ्या नक्ष्या तोंडपाठ असणाऱ्या माणसाला ते काय अवघड!

आत गेल्यावर डावा डोळा झाकला आणि तू घडाघडा सुरू झालास. ती तपासणारी मुलगी खूश झाली. मग शेवटच्या ओळीला तिने अक्षरं दाखवायची काडी उजव्या टोकाला धरली आणि तिथून डावीकडे उलटी नेत गेली. आणि तू आपला डावीकडून सरळ म्हणत राहिलास. काडी एकीकडे, तू भलतीकडेच. मला आधी हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी मी ते आवरलं. कारण तुला काडीसुद्धा दिसत नव्हती, दादा. ती पोरगी गुणाची. फक्त काका, सावकाश वाचा म्हणाली. तरी तू मान खाली घालून तेच पुन्हा म्हटलंस.

कुणाला फसवलंस रे? ही काय तिमाही परीक्षा होती? फोटोला तुझं पाठांतर ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दाखवलं ते तूही पाहिलंस. डाव्या डोळ्यात थोडे ठिपके आहेत, सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. उजव्यात बरोबर मधोमध सूज आहे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, एकाने भागणार नाही, साखरही खाली आणायला हवी. गेलेलं सगळं परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही, पण सूज उतरवता येईल आणि आहे ते राखता येईल असं म्हणाले. उशीर केला तर तेही हातचं जाईल. माग सोडा असं एकदा तरी म्हणाले का? उलट कोणती नक्षी विणता म्हणून विचारत होते. आणि तू मान हलवून, पुढची तारीख न घेताच निघालास.

स्टँडवर मी रडले. लोक बघत होते, बघू देत. अण्णा गेल्यापासून माहेर म्हणून मला तू आणि वहिनी, एवढंच आहे. वहिनीला सांगणार नाही असं कबूल केलंय, म्हणून गप्प आहे. पण रोज फोनवर तिच्याशी हसून बोलायचं मला आता जमत नाही. तू तरी सांग तिला, नाहीतर मला तरी मोकळं कर. पंधरा दिवसांच्या आत यायला सांगितलंय, त्यातले काही गेले. भांडले म्हणून माया आटू देऊ नकोस, भांडायला दुसरं आहे कोण?

तुझीच
मंजू

येवला
२३ फेब्रुवारी २०२५

चि. मंजूस,

दादाचा आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मागावर बसलो नाय. तिसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीला म्हटलं, नाशिकला डोळ्यांचं काम आहे, तू चल. तिने काही विचारलं नाही, पिशवी भरली. शुक्रवारी आम्ही दोघं आलो आणि परस्पर परत गेलो. तुझ्या घरावरून गेलो तरी वर आलो नाय. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, आणखी काय!

इंजेक्शन घेतलं. आधी थेंब घालून डोळा बधिर केला. जरासा दाब वाटला, मनातली भीती त्यापेक्षा लय मोठी होती. महिन्याने पुन्हा बोलावलंय. फरक पडायला वेळ लागेल म्हणाले. साखरेसाठी संध्याकाळचं चालणं सुरू केलंय, चहा बिनसाखरेचा. त्याला चहा का म्हणायचं ते देव जाणे.

पण तुला सांगायचंय ते आधीचं. इंजेक्शनाआधी पुन्हा तक्ता होता. तीच पोरगी, तेच उघडं दार, आणि माझ्यापुढचे लोक तसेच मोठमोठ्याने वाचत होते. मी बाकावर कानात बोटं घालून बसलो. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून सरकून बसल्या. नंबर आला तेव्हा डावा डोळा झाकला आणि जेवढं दिसलं तेवढंच वाचलं. वरचं मोठं अक्षर, खालची एक ओळ, तीही चाचपडत. मग थांबलो. ती वाट बघत होती. मी म्हटलं, पुढचं दिसत नाही. तुला पत्रात लिहिलं होतं खरं, पण तोंडाने हे कुणाला म्हणालो नव्हतो. मोठ्याने निघालं तोंडातून. तुझी वहिनी दारातच बसली होती, तिने ऐकलं.

परतीच्या गाडीत डोळ्याला पट्टी होती, तेवढं निमित्त करून मी तिच्याकडे बघत नव्हतो. निफाड मागे पडल्यावर तिला शालूचं विचारलं. आता शेठना काय सांगायचं? ती म्हणाली, सांगून झालंय. उशीर होईल म्हणून तिने आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि ते थांबायला तयार आहेत. मी चमकलो. हिला कसं कळलं? मग तिने सांगितलं, की राणी आणि डाळिंबी रंगाच्या रेशमाच्या कांड्या ती दिवाळीपासून वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवतेय, राणी माझ्या डाव्या हाताला आणि डाळिंबी उजव्या. कारण मी एकदा मोराच्या गळ्यात भलताच रंग भरला होता. मी जेवायला उठलो तेव्हा तिने तो उसवून पुन्हा भरला आणि मला कळू दिलं नाही.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस इतके दिवस? ती म्हणाली, तुम्ही म्हणायची वाट बघत होते.

पुढच्या महिन्यात दोघंही तुझ्याकडे मुक्कामाला येतो. भाजी कारल्याची केलीस तरी चालेल. या म्हाताऱ्या भावावर आहे तसाच जीव ठेव.

तुझा
दादा