इटालियन स्ट्रायकरचा गुडघा

आबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी अजून लोकांचे गुडघेच धरून बसते. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सजवळच्या क्लिनिकमध्ये. गेले काही महिने एक इटालियन यायचा. एके काळचा प्रोफेशनल स्ट्रायकर, आता इथे मुलांना फुटबॉल शिकवतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी पाय वाकवायचे, तो दात आवळून बोलत राहायचा. मिसरूड फुटायच्या आत मोठ्या क्लबनं उचललं आणि मग वर्षानुवर्षं या ना त्या छोट्या क्लबकडे उसना धाडला. वरच्या डिव्हिजनमध्ये एकच सीझन मिळाला. गोल होत होते, म्हातारी माणसं रस्त्यात थांबवून त्याचे हात हातात घ्यायची. हिवाळ्यात गुडघा गेला. उभा राहीपर्यंत त्याच्या जागी दुसरा आला होता. शेवटी इकडे, रास अल खैमाच्या क्लबकडून खेळायला आला. तिथे एका सामन्यात हाफटाइमला मॅनेजर म्हणाला, "खलास, हबीबी. यू रेस्ट." त्याला वाटलं, आजच्यापुरतं. पुन्हा त्याला कधी उतरवलंच नाही. "माहीत असतं तर मागे वळून मैदान बघितलं असतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "पाय सैल सोडा." मला काही वाटलं नाही. हल्ली फारसं वाटत नाही.

तुम्हीही पेठेच्या फुटबॉल संघातून पुढेच खेळायचात, गोल मारायला. गुडघा गेला त्या दिवशी दोघांनी धरून तुम्हाला घरी आणलं. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलाय, आई मिठाच्या पाण्यानं शेकतेय, गुडघा नारळाएवढा झालाय. मी दारात हुंदके देतेय. "रडायचं तर भाईर जा," तुम्ही ओरडता. "गुडघा माझा गेलाय, तुझा न्हाई." मी बाहेर गेले नाही. डोळे पुसले आणि आईच्या हातातलं फडकं घेतलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हाही पेशंटचा पाय नीट खाली ठेवला, मशीन बंद केलं, मग बाहेर गेले. सगळे म्हणाले, खंबीर आहे.

काल त्याचं शेवटचं सेशन. कठडा न धरता जिना उतरला. निघताना मी सहज सांगून टाकलं, माझे वडीलही स्ट्रायकर, कोल्हापूरचे, त्यांचाही गुडघाच गेला. कोल्हापूर त्याला कळलं नाही.

"कुठला गुडघा?" त्यानं विचारलं.

"डावा."

"अजून दुखतो त्यांना?"

"थंडीत," मी म्हटलं. "थंडीत थोडा दुखतो."

"सांग त्यांना, रोज चालायचं."

"सांगते."

हे कुठे पाठवायचं नाहीये, आबा. तुम्ही नाही, हे मला त्याला सांगता आलं नाही, एवढंच.