शनि वक्री असताना

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी नववीला शिकवलं, शनि मागं जात नसतो. पृथ्वी त्याला ओलांडून पुढं जाते म्हणून तसा दिसतो. हेच मला चार महिन्यांपूर्वी पिशोरला माझ्या बहिणीच्या, सुमनच्या, सासऱ्यांपुढं बोलता आलं नाही. तिच्या छातीतली गाठ काढायची होती. ते म्हणाले, "शनि वक्री आहे. मार्गी होऊ द्या, मग बघू." मी चहा पीत बसलो. तिच्या घरी वाद नको, एवढंच कारण होतं का? चहा संपवलासुद्धा.

आज दुपारी तिला इथं संभाजीनगरला डॉक्टरांकडं नेलं. कॅन्सर फुप्फुसात पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही.

बाहेर बाकावर तिनं विचारलं, "दादा, तुला शनीचं समदं माहीत व्हतं ना?"

"होतं."

मग म्हणाली, "मामंजींना उशीर झाल्याचं सांगू नको. लई मनाला लावून घेतील."

माझ्याबद्दल काहीच बोलली नाही.