मस्कतहून आणलेली बाटली

११ ऑक्टो. १९८६, सालवड
जेवणानंतर बरगडीखाली कळ येते म्हणून पालघरला गेलो. डॉक्टरने बेरियम पाजून काढलेला फोटो उजेडाकडे धरला. जठरात गाठ. देठावर लोंबणारी, करवंदाएवढी. काढायची आणि तपासायची. साधी की कॅन्सरची ते तपासल्यावरच कळणार. मुंबईत पोट उघडून नऊ हजार, वर महिनाभर घरी. आमच्या रंगाच्या कारखान्यात महिनाभर घरी म्हणजे कायमचं घरी. ही रडायला लागली. ओरडलो, अजून मेलो नाही.

२ नोव्हें.
ताईच्या नवऱ्याचं, दाजींचं, मस्कतहून पत्र. तिथे तोंडातून नळी घालून काढतात. टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी, कंपनीच्या कार्डावर फुकट. कार्ड अर्थात त्यांचं. 'दोन दिवस तू मी हो.' नऊ हजार कुठे आणि शून्य कुठे! तिकीटही तेच पाठवणार. माणूस मोठा. पासपोर्ट आहेच, नोकरीसाठी काढलेला, धूळ खात पडलेला. आईने लगेच दोन किलो सुके बोंबील बांधायला घेतले.

१९ डिसें., मस्कत
झालं. घशात नळी, डोळ्यांत पाणी. नर्स दाजींच्या नावाने हाक मारायची, मी ओ द्यायचो. गाठ तपासायला पाठवायची म्हटल्यावर दाजी ताठ झाले. "रिपोर्ट माझ्या फायलीत जाईल. वाईट निघाला तर कंपनी मला घरी पाठवेल. तुझा कॅन्सर माझ्या नावावर नको." ताई शेजारी संत्रं सोलत होती. सोलत राहिली.
माणूस मोठा असं वर लिहिलंय. खोडत नाही, राहू दे.
बोंबील शेवटी तिथल्या कंपाउंडरला दिले. त्याने गाठ औषधात बुडवून बाटलीत घालून दिली. मुंबईत तपासून घेईन.

४ जाने. १९८७, सालवड
बाटली कपाटावर ठेवली. वर चिठ्ठी, दाजींच्या नावाची. गुरुवारी रजा टाकून मुंबईला नेणार. आईला दाखवली, ही बघ, पोटातून काढली. बराच वेळ बघत बसली. "जिता हाय का?" खूप हसलो तिला.

८ जाने.
कपाटावर बाटली नाही.
आई काल एस.टी.ने नवापूरला गेली. किनाऱ्यावर कुंकू, नारळ, आणि गाठ पाण्यात. आमच्यात अंगातून निघालेलं घरात ठेवत नाहीत. नाळ, जावळ, सगळं दर्याला. मला काय ठाऊक नव्हतं? तरी तिच्या डोळ्यांसमोर ठेवली. अक्कल गहाण.
बाटली मात्र परत आणली. धुऊन मीठ भरलं. "बाटली चांगली व्हती."
नको ते बोललो. माझा जीव फेकून आलीस. ज्याने बापाला गिळलं त्यालाच नैवेद्य दाखवतेस? (बाबा होडी घेऊन गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. प्रेतही मिळालं नाही.)
तिने डोळे पुसले नाहीत. "म्हनूनच दिला. बारका तुकडा दिला, आता आख्खा मागनार नाय."
मीठ मोरीत ओतलं. तिला मारावंसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

१४ जाने.
पालघर. डॉक्टर आधी हसला. तुकडा नाही तर काहीच सांगता येत नाही. पुन्हा नळी, मुंबईत. अख्खी गाठ तिथे नळीने काढत नाहीत, पण गाठीच्या खुणेजवळचं चिमूटभर मांस काढतात. चार हजार तरी. उशीर करू नका म्हणाला.
दाजींचं पत्र आलंय. 'रिपोर्ट काय? माझं नाव कुठे दिलं नाहीस ना?' उलट टपाली कार्ड टाकलं: काळजी नसावी. तुकडा माशांनी तपासला.

२५ जाने.
बाटली गेली त्या दिवसापासून आईशी बोललो नाही. ती तरी रोज ताटाशी येऊन बसते.

२ फेब्रु.
जेवणानंतर बरगडीखाली तीच जुनी कळ. आठवडा झाला. हिला सांगितलं नाही. मुंबईची तारीख घेतलेली नाही.
आज आईने विचारलंच. "दुकतं काय रे?"
साडेतीन आठवड्यांनी तिच्याशी पहिला शब्द बोललो. नाही म्हटलं.
"बग. घेतला दर्यानं," म्हणाली आणि आणखी भात वाढला. खाल्ला.